पैसे भरा, चाळणी चुकवा

ब्रह्मपुरीत माझं बी-बियाण्यांचं दुकान. धानाचं बियाणं आलं की गिऱ्हाइकांना एसएमएस पाठवतो. दूरसंचार नियामक ट्रायच्या 2018 च्या नियमांमुळे त्यासाठी दुकानाचं नाव, मजकुराचा नमुना, सगळं टेलिकॉम कंपनीकडे शुल्क भरून नोंदवलं. नोंदणीला माझी ना नाही. फसवणारा सापडलाच पाहिजे. पण पैसे भरले म्हणून संदेश कामाचा ठरतो का? 2006 मध्ये अमेरिकेत एओएल या ईमेल सेवा देणाऱ्या कंपनीनं तेच केलं. ‘गुडमेल’कडे दर ईमेलमागे पाव ते एक सेंट भरणाऱ्या कंपन्यांना स्पॅमची चाळणी माफ! 2011 मध्ये गुडमेल बंद पडली. आमच्याकडे धान पाखडताना कोंडा सुपाला पैसे देत नाही. चाळणी वाचणाऱ्याच्या हाती हवी: नको असलेला जाहिरातीचा संदेश आला तर 1909 वर तक्रार करा, माझ्या दुकानाचा असला तरी.