अळूच्या पानाची पंगत

मुलं अमेरिकेत स्थिरावली, की भेटीला आलेल्या आईवडिलांना पहिल्या खेपेला नायगारा, दुसऱ्या खेपेला डिस्ने आणि तिसऱ्या खेपेला हवाई दाखवायचं, असा जणू अभ्यासक्रमच ठरून गेला आहे. माझीही हवाई तिसऱ्याच खेपेला झाली. आणि तेव्हापासून नात्यातलं जे कोणी तिकडे निघतं, ते मला एक प्रश्न हमखास विचारतं. "लुआऊ कुठला करावा?" यंदा भाचीने विचारलं, आणि वर पुस्ती जोडली, "मावशी, अगदी पारंपरिक हवा हं. टुरिस्टांसाठीचा नको."

आता याचं उत्तर फोनवर कसं देणार? म्हणून इथेच लिहिते. म्हणजे पुढच्या वर्षी जाणाऱ्यांचीही सोय होईल.

लुआऊ म्हणजे हवाईची मेजवानी. संध्याकाळी समुद्रकाठी लांब टेबलं मांडतात, गळ्यात फुलांची माळ घालतात, जमिनीतल्या भट्टीत शिजवलेलं डुक्कर, पोई, रताळी, मासे वाढतात, आणि मग गाणी-नाच होतात. एका माणसाला शंभर डॉलरच्या वर, कुठे कुठे दोनशेच्या आसपास मोजावे लागतात. चौघांचं कुटुंब असेल तर हिशेब तुम्हीच करा. त्यामुळे निवड नीट करावी हे खरंच. पण 'पारंपरिक' ही कसोटी लावून निवड करता येईल असं मला वाटत नाही.

आधी नावापासून सुरुवात करू. हवाईच्या भाषेत 'लुआऊ' म्हणजे अळूचं कोवळं पान! हो, आपलंच अळू. त्यांचा 'कालो' आणि आपल्या अळकुड्या एकाच जातीच्या. आपण फदफदं करतो, चिंच घालतो, शेंगदाणे घालतो. ते पानं नारळाच्या दुधात शिजवतात. लग्नाच्या पंगतीत अळूची भाजी हवीच, तशी त्यांच्या मेजवानीतही अळूची पानं हवीतच. इतकी, की पानाचं नावच मेजवानीला पडलं. पण हे नाव काही फार जुनं नाही. हवाईच्या भाषेच्या शब्दकोशात या अर्थाने लुआऊ शब्दाचा मागोवा १८५६ पर्यंतचा दिला आहे. त्याआधी मेजवानीला 'पाइना' किंवा 'अहाआइना' म्हणत.

आणि त्याहूनही मोठी गोष्ट अशी, की स्त्री-पुरुष, पोरंबाळं एका टेबलाशी बसून जेवताहेत हे लुआऊचं जे चित्र आपल्या डोळ्यांसमोर आहे, ते त्यांच्या जुन्या परंपरेत बसतच नव्हतं. तिथे 'कापू' नावाची विधिनिषेधांची पद्धत होती. स्त्रियांनी पुरुषांबरोबर जेवायचं नाही. डुकराचं मांस, नारळ, बहुतेक जातींची केळी आणि काही मासे स्त्रियांनी खायचेच नाहीत. पुरुषांचं अन्न शिजवायची भट्टी वेगळी, बायकांची वेगळी. (स्वयंपाक मात्र पुरुषांकडे होता. हे वाचून आमच्या जावयांनी हवाईच्या संस्कृतीबद्दलचा आदर थोडा आवरता घेतला!) नियम मोडणाऱ्याला मरणाचीही शिक्षा होऊ शके.

हे मोडलं १८१९ साली. सगळी बेटं एका अमलाखाली आणणारा राजा कामेहामेहा त्या वर्षी मे महिन्यात वारला. त्याची आवडती राणी काआहुमानू आणि नव्या राजाची आई केओपुओलानी, या दोघींनी तरुण राजा लिहोलिहोच्या मागे लकडा लावला. नोव्हेंबरमध्ये कैलुआ इथे मेजवानी झाली. पुरुषांची आणि बायकांची टेबलं वेगवेगळी मांडलेली. राजा थोडा वेळ घुटमळला, मग सरळ बायकांच्या टेबलाशी जाऊन बसला आणि जेवू लागला. झालं! शेकडो वर्षांची पद्धत एका जेवणात मोडली. ख्रिस्ती मिशनरी बेटांवर आले ते दुसऱ्या वर्षी, १८२० साली. म्हणजे ही गोष्ट बाहेरच्या कोणी शिकवून झाली नाही. घरातल्या दोन बायकांनी ती घडवून आणली.

हे मी जायच्या आधी वाचलं, तेव्हा मला माझी आई आठवली. आमच्या घरी आधी पुरुषांची पंगत, मग मुलांची, मग पाहुण्या बायकांची, आणि सगळ्यात शेवटी आई आणि काकू. तोवर भाजीत फोडी उरलेल्या नसत, रस्सा असे. आईला गरम पोळी मिळाल्याचं मला आठवत नाही. आणि ते कोणी दुष्टपणाने करत होतं असंही नाही. परंपरा होती, एवढंच. माझं लग्न झाल्यावर मी नवऱ्याबरोबर एका वेळी पान वाढून घेतलं, तर सासूबाई आठ दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी त्याही आमच्याबरोबर जेवायला बसल्या. तेव्हा 'पारंपरिक' हा शब्द कोणी फार कौतुकाने उच्चारला, की मी जरा सावध होते. कोणाची परंपरा, आणि त्या परंपरेत शेवटी जेवत कोण होतं, हे विचारावंसं वाटतं.

तर मुद्दा असा, की शुद्ध, अस्सल, भेसळ नसलेला लुआऊ शोधत बसू नये. तो दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीसुद्धा नव्हता. १८४७ साली तिसऱ्या कामेहामेहाने दिलेल्या एका मोठ्या मेजवानीची यादी प्रसिद्ध आहे. त्यात २७१ डुकरं आणि पोईचे ४८२ मोठे भोपळे आहेत, पण त्याचबरोबर ८२ टर्की आहेत, कोबी आहे, कांदे आहेत, बटाटे आहेत. आज लुआऊत हमखास असणारा 'लोमी सामन' घ्या. सामन मासा हवाईच्या समुद्रातला नाहीच, खारवलेला सामन जहाजांवरून आला. त्यातला टोमॅटोही परका. 'चिकन लाँग राइस' ही चिनी लोकांची देणगी. आपल्या उपासाच्या ताटात पोर्तुगिजांनी आणलेले बटाटे कसे बिनतक्रार बसले, तसंच हे.

मग निवड कशावर करायची? मी चार प्रश्न विचारते.

पहिला, जमिनीतली भट्टी खरी आहे का? तिला 'इमू' म्हणतात. खड्डा खणायचा, लाकडं पेटवून ज्वालामुखीचे दगड तापवायचे, त्यावर केळीचे सोट आणि पानं, मग अन्न, वर पुन्हा पानं, ओली गोणपाटं आणि माती. कित्येक तास ते आत वाफेवर शिजतं. 'कालुआ' या शब्दाचा अर्थच मुळी खड्ड्यात शिजवलेलं. कोकणात पोपटी लावतात, तिची आठवण येते. काही ठिकाणी मात्र इमू नावापुरती असते आणि शेकडो माणसांचं मांस हॉटेलच्या स्वयंपाकघरातून येतं. आम्ही गेलो तिथे इमू आमच्यासमोर उघडली. मी शाकाहारी, मला त्यातलं काही खायचं नव्हतं. पण फावड्याने माती सारणाऱ्या त्या दोन माणसांनी दगड कुठून आणतात, ते फुटू नयेत म्हणून कसे निवडतात, हे इतकं मन लावून सांगितलं, की मला वर्गात बसल्यासारखं वाटलं.

दुसरा प्रश्न, पोई कशी वाढतात? पोई म्हणजे शिजवलेल्या अळकुड्या कुटून, पाणी घालून केलेली जांभळट-करडी लापशी. ठेवली की आंबते. आपल्याकडच्या लोकांना ती पहिल्या घासाला आवडत नाही, हे आधीच सांगून ठेवते. काही ठिकाणी ती एका कोपऱ्यात चार वाट्यांत ठेवतात आणि निवेदक तिच्यावर 'भिंती चिकटवायची खळ' म्हणून विनोद करतो. असा विनोद जिथे होत असेल तिथे जाऊ नये, असं माझं मत. कारण हवाईच्या लोकांच्या कथेनुसार कालो हा माणसाचा थोरला भाऊ आहे. वाकेआ आणि होओहोकुकलानी यांचं पहिलं मूल मृत जन्मलं, त्याला पुरलं तिथून अळू उगवला. नंतर जन्मलेला धाकटा भाऊ हालोआ, तो त्यांचा पूर्वज. म्हणून जुन्या घरांत पोईचं भांडं उघडं असताना भांडायचं नाही, अशी रीत. घरच्या थोरल्या भावाची टिंगल पाहुण्यांसमोर कोणी करेल का? पोटासाठी करावी लागत असेल, तर ती करायला लावणाऱ्याला आपण पैसे का द्यावेत?

तिसरा, नाच कुठला ते सांगतात का? पेटत्या सुरीचा नाच पोरांना फार आवडतो, आमच्या नातवालाही तोच हवा होता. पण तो सामोआचा. कमरेची ती विजेसारखी जलद हालचाल ताहितीची. हवाईचा हुला त्यामानाने शांत. हात गोष्ट सांगतात आणि शब्द समजले तर अर्थ कळतो. सगळं एकत्र दाखवायला माझी हरकत नाही, फक्त कोणतं कुठलं ते सांगा. ओआहू बेटावरचं पॉलिनेशियन कल्चरल सेंटर १९६३ पासून आहे. तिथे सामोआ, टोंगा, फिजी, ताहिती असं सगळं आहे, पण नावातच 'पॉलिनेशियन' असल्यामुळे फसवणूक नाही. याच्या उलट माउई बेटावरच्या ओल्ड लाहैना लुआऊमध्ये आगीचा नाच ठेवतच नाहीत. ऑगस्ट २०२३ च्या वणव्यात लाहैना गाव जवळजवळ संपूर्ण जळालं, शंभरावर माणसं गेली. त्यातून हा लुआऊ बचावला आणि २०२४ साली पुन्हा सुरू झाला.

आणि चौथा, त्यांची भाषा कानावर पडते का? मी जन्मभर मराठी शाळेत शिकवलं, म्हणून हा प्रश्न मला जास्त टोचतो. १८८० च्या दशकापर्यंत हवाईची मुलं हवाईच्या भाषेतून शिकत, त्या भाषेत वर्तमानपत्रं निघत. १८९३ साली अमेरिकन व्यापारी आणि मळेवाल्यांनी राणी लिलिउओकलानीला पदच्युत केलं. १८९६ च्या कायद्याने शाळांचं माध्यम इंग्रजी झालं. दोन-तीन पिढ्यांत घराघरांतून भाषा जायला लागली. मग १९७८ साली तिला पुन्हा राजभाषेचा दर्जा मिळाला आणि १९८४ साली लहान मुलांसाठी 'पुनाना लेओ' नावाच्या, संपूर्ण त्या भाषेतल्या बालशाळा सुरू झाल्या. 'पुनाना लेओ' म्हणजे आवाजाचं घरटं! इतकं सुंदर नाव शाळेला कोणी दिलेलं मी ऐकलं नव्हतं. आमच्या लुआऊत एका मुलीने हुलाच्या आधी सहा-सात ओळी त्या भाषेत म्हटल्या, मग अर्थ सांगितला. मला त्या ओळी कळल्या नाहीत, पण त्या म्हटल्या जाताहेत याचंच समाधान वाटलं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. हवाई विद्यापीठातल्या प्राध्यापक हौनानी-के ट्रास्क २०२१ साली वारल्या. पर्यटनाने आमची संस्कृती बाजारात उभी केली आहे, तेव्हा तुम्ही इकडे येऊच नका, असं त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं आहे. हे वाचून मी अस्वस्थ झाले. विकत घेतलेल्या मेजवानीत आपण पाहुणे नसतो, गिऱ्हाईक असतो, हे मला मान्य आहे. पण येऊच नका, हे मला पटत नाही. तिथे माती सारणारे ते दोघे, ती ओळी म्हणणारी मुलगी, यांची त्यावर चूल पेटते, आणि त्यांच्या सांगण्यात मला लाचारी दिसली नाही, अभिमान दिसला. ज्या लुआऊत हे सांगायला त्यांना वेळ आणि मान दिला जातो, तिथे आपले पैसे जावेत. जिथे त्यांना नुसतं नारळाच्या करवंट्या बांधून नाचवतात, तिथे जाऊ नयेत. गिऱ्हाईकाच्या हातात एवढंच असतं, आणि ते थोडं नाही.

शाकाहारी मंडळींसाठी शेवटी थोडं. पोई, उकडलेली रताळी, भात, फळं आणि 'हौपिया' नावाची नारळाच्या दुधाची वडी निर्धास्त खा. अळूची भाजी मात्र विचारून घ्या. तिच्यात बहुधा कोंबडी किंवा माकूळ घालतात. तारीख लवकर नक्की करा, ज्येष्ठांना मंचाजवळची जागा मागा, संध्याकाळी समुद्रावरून वारं येतं म्हणून शाल ठेवा.

आणखी एक. तिथली चर्च, शाळा आणि होडी-मंडळं निधी जमवायला स्वतःचे लुआऊ करतात. मुलाचा पहिला वाढदिवस तर घरोघरी लुआऊनेच साजरा होतो. अशा एखाद्या पंगतीचं बोलावणं आलं, तर माझे चारही प्रश्न बाजूला ठेवा आणि जा. जाताना रिकाम्या हाताने मात्र जाऊ नका. आणि आपल्यापैकी कोणी आधीच जाऊन आलं असेल, तर मला जरूर कळवा. तिथे अळू कसं करतात, ते मला विचारायचं आहे.