नेपथ्य उतरवल्यावर

आज ५ नोव्हेंबर, मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आणले. त्या प्रयोगाच्या स्मरणार्थ गावोगावच्या नाट्यगृहांत आज नटराजाची पूजा होईल, नारळ फुटेल, नांदी होईल, ज्येष्ठ कलावंतांचे सत्कार होतील. भाषणांत नाटककारांची आठवण निघेल, नटांची निघेल, गायकांची तर हमखास निघेल. बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ ही नावे उच्चारताना आवाज आपोआप हळवा होतो आणि त्यात गैर काहीच नाही. पण ही मंडळी ज्या महालात, ज्या वाटेवर, ज्या दिवाणखान्यात उभी राहिली तो महाल कोणी उभा केला, ती वाट कोणी रंगवली, हे या भाषणांत क्वचितच येते. नाटकाच्या जाहिरातीत नेपथ्यकाराचे नाव असते, पण ते शोधावे लागते. निदान आजचा अग्रलेख त्यांच्यासाठी.

सुरुवात पडद्यांनी झाली. भाव्यांच्या खेळांना एक पडदा पुरत असे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ झाले आणि संगीत नाटकाचा जमाना सुरू झाला. त्याबरोबर मंडळ्यांच्या सामानात रंगवलेल्या पडद्यांच्या वळकट्या वाढत गेल्या. रस्त्याचा पडदा, जंगलाचा पडदा, महालाचा पडदा, बागेचा पडदा. तेच जंगल आज दुष्यंताच्या शिकारीला चाले आणि उद्या दुसऱ्या नाटकातल्या वनवासाला. प्रेक्षकांची तक्रार नसे. या पडद्यांनी नाटकाची रचनाही ठरवली, हे मात्र फारसे ध्यानात घेतले जात नाही. मागे मोठा दरबार मांडायचा असेल तर पुढे पडदा सोडून त्याच्यापुढे एखादा छोटा प्रवेश खेळावा लागे. बहुधा तो विनोदी असे, दोन-तीन पात्रांचा, रस्त्यावर घडणारा. जुनी नाटके वाचताना हे प्रवेश उगीच घुसडल्यासारखे वाटतात, आणि आजचे दिग्दर्शक त्यांवर पहिली कात्री चालवतात. त्यांच्या पाठीमागे माणसे सिंहासन ओढत होती, हे लक्षात घेतले तर त्या नाटककारांवरचा राग जरा कमी होईल.

या पडद्यांतूनच एक मोठा माणूस निघाला. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे भाऊ नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवत. आनंदराव अकाली गेले. बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि मराठी चित्रपटाचा पाया घातला. त्यांच्या नावापुढे ‘पेंटर’ कायमचे लागले ते त्या पडद्यांमुळे. ललितकलादर्श मंडळीत पु. श्री. काळे यांनी पडद्यांपासून उभ्या नेपथ्यापर्यंतचा प्रवास स्वतःच्या हातांनी केला आणि ‘ललितकलेच्या सहवासात’ या पुस्तकात त्या दिवसांचे लिहूनही ठेवले. नेपथ्यकाराने लिहिलेली अशी पुस्तके मराठीत बोटांवर मोजावीत इतकीच. बालगंधर्वांनी थाटमाटावर, गालिच्यांवर आणि मखमलीवर केलेला खर्च आणि त्यापायी झालेले कर्ज यांच्या कथा मात्र घरोघरी ठाऊक आहेत. आपल्याला रंगवणाऱ्या हातापेक्षा उधळणाऱ्या हाताचे कौतुक अधिक, असे म्हटले तर ते फार खोटे ठरणार नाही.

१ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ केले. रंगवलेल्या पडद्यांच्या जागी खरी दारे, खऱ्या खिडक्या, तीन भिंतींची खोली असा सगळा वास्तव थाट त्यात होता. पुढची अनेक दशके मराठी नाटक या खोलीतून बाहेर पडले नाही. मध्यभागी सोफा, एका अंगाला जिना, दुसऱ्या अंगाला स्वयंपाकघराचे दार, कोपऱ्यात टेलिफोन. तो जिना वर कुठे जातो हे कोणालाच माहीत नसे, आणि वरच्या खोलीत कधी काही घडतही नसे. या दिवाणखान्याची टिंगल करणे सोपे आहे. पण दौऱ्यावर फिरणाऱ्या नाटकाला तीन अंक एकाच खोलीत बसवणे परवडत होते, हेही खरे. व्यावसायिक नाटकाचे नेपथ्य टेम्पोत मावले पाहिजे. दुपारी ठाण्याला प्रयोग, रात्री दादरला. दोन्ही रंगमंचांची रुंदी वेगळी, विंगांची जागा वेगळी. फ्लॅट उभे करायचे, टेकू द्यायचे, वजने ठेवायची, लेव्हल जोडायच्या, आणि तिसरी घंटा वेळेवर झाली पाहिजे. नेपथ्यकाराची कल्पनाशक्ती या हिशेबातच चालते. जे लवकर उभे राहत नाही आणि लवकर मोडत नाही, ते कागदावर कितीही सुंदर असो, तिसऱ्या प्रयोगानंतर त्यातले अर्धे सामान गोदामात पडून राहते.

या हिशेबाला न घाबरता केलेले काम म्हणजे ‘तो मी नव्हेच’चा फिरता रंगमंच. आचार्य अत्र्यांचे हे नाटक मो. ग. रांगणेकरांच्या दिग्दर्शनाखाली ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत रंगमंचावर आले. प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे निपाणीचा तंबाखूचा व्यापारी. त्याच्यावर खटला चालू, आणि एकेक साक्षीदार सांगू लागला की न्यायालय फिरून मागे जाते व त्या साक्षीतला प्रसंग समोर येतो. तिथे हाच माणूस दिवाकर दातार असतो, कॅप्टन परांजपे असतो, राधेश्याम महाराज असतो. रंगमंच पुन्हा फिरतो आणि तो पिंजऱ्यात लखोबा होऊन निर्विकारपणे उभा. ही केवळ सोय असती, तर पहिल्या दोन फेऱ्यांनंतर प्रेक्षकांना तिचे काहीच वाटले नसते. पण साक्ष आणि कृत्य एकाच चक्राच्या दोन बाजूंना मांडल्यामुळे, माणूस तोच आहे हे प्रेक्षकाला दिसत राहते आणि न्यायालयाला मात्र ते सिद्ध करावे लागते. नाटकातला ताण तिथून येतो. पणशीकरांच्या वेषांतराच्या चपळाईचे कौतुक सर्वांनी केले. ते चक्र अंधारात न अडखळता, न कुरकुरता फिरवणाऱ्यांचेही तितकेच व्हायला हवे होते.

फार काही न मांडताही नेपथ्य स्मरणात राहते. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये (१९६७) एका खेड्यातला सभागृहवजा हॉल आहे, इकडूनतिकडून ओढलेल्या खुर्च्या-टेबलांचे लुटुपुटीचे कोर्ट आहे. नाटकाच्या सुरुवातीलाच बेणारेबाईंचे बोट दाराच्या कडीत चेंगरते. प्रेक्षक ते विसरूनही जातात. पुढे खेळ अंगावर आल्यावर ती पळायला जाते आणि तेच दार बाहेरून बंद झालेले असते. नाटककाराने लिहिलेली ही कडी नेपथ्यकाराने जरा हलक्या हाताने बसवली, दार थरथरले, फ्लॅट हलला, तर बाईंची कोंडी प्रेक्षकापर्यंत पोचणारच नाही. आमच्या मते मराठी रंगभूमीवरील सर्वांत परिणामकारक वस्तू कोणती असे विचारले तर कुठल्याही सिंहासनाआधी या कडीचे नाव घ्यावे लागेल.

तिच्या जोडीला एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’तला बंद पडलेला ट्रॅक्टर. धरणगावकर देशपांड्यांच्या वाड्यात तो नुसता उभा असतो. विजया मेहतांनी १९८५ मध्ये हे नाटक केले. चंद्रकांत कुलकर्णींनी १९९४ मध्ये ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’सह त्याची त्रिनाट्यधारा केली आणि पुन्हा २०१४ मध्ये प्रदीप मुळ्ये यांच्या नेपथ्यासह पहिला भाग रंगमंचावर आणला. या वाड्यात भिंती केवळ जुन्या दिसून चालत नाहीत. कोण कोणत्या दारातून येतो, कोणाला माजघरातून बाहेर यायला वेळ लागतो, रात्री अंगणात कोण बसते, यावरून त्या घरातला मान-अपमान कळतो. चांगल्या नेपथ्याची खूण हीच: नटाला चालायची वाट ते ठरवून देते. पडदा वर जाताच टाळ्या घेणारे नेपथ्य आम्हांला थोडे संशयास्पद वाटते. टाळ्या संपल्यावर दोन तास त्याने काय करायचे?

आणि काहीच न बांधता केलेले नेपथ्य? १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात जब्बार पटेलांनी ‘घाशीराम कोतवाल’ केले. त्यात ब्राह्मणांची एक रांग आहे. ती गाते, डोलते, कधी पाठ फिरवून भिंत होते, कधी बाजूला सरकून नाना फडणविसांचे चाळे उघडे करते आणि पुन्हा मिटते. लाकूड नाही, कापड नाही, माणसांचाच पडदा. पुण्यातले पाप झाकायला पुणेकरच उभे, हे सांगायला याहून नेमके नेपथ्य कोणी सुतार करू शकला नसता. कोकण-गोव्याच्या दशावताराला ही किमया जुनी आहे. तिथे एका बाकड्यावर सिंहासन होते, पर्वत होतो, आणि राजा उठून गेला की ते पुन्हा बाकडे. छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून चाललेल्या चळवळीनेही हीच काटकसर केली, तीही गरजेपोटी. जागाच एवढीशी होती.

अलीकडचे उदाहरण द्यायचे तर ‘संगीत देवबाभळी’चे. प्राजक्त देशमुखांच्या या नाटकात (२०१७) प्रदीप मुळ्येंनी तुकोबांच्या आवलीचे घर आणि इंद्रायणीचा काठ एकाच रंगमंचावर असे बसवले की दोन बायका बोलता बोलता घरातून नदीवर जातात आणि पडदा पाडावा लागत नाही. संगीत नाटकाची जुनी अडचण, प्रवेश बदलताना गाणे कुठे ठेवायचे, इथे उरलीच नाही. मागच्या मोठ्या एलईडी पडद्यावर चित्रे हलवून ‘भव्य नेपथ्य’ म्हणवणाऱ्यांनी हे बारकाईने पाहायला हवे होते. त्या पडद्याच्या उजेडात नटाच्या चेहऱ्यावरची प्रकाशयोजना फिकी पडते आणि नट चित्रापुढे उभा केलेला पुतळा वाटू लागतो. खर्चिक सामान वापरून शंभर वर्षांपूर्वीच्या रंगवलेल्या पडद्याकडे परत जाण्यातला हा प्रकार आहे. त्या पडद्याला निदान बाबूराव पेंटरांचा हात लागला होता.

आता खऱ्या तक्रारीकडे येऊ. भाव्यांनी ‘सीतास्वयंवरा’साठी केलेल्या कळसूत्री बाहुल्या अजून आहेत. रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा नाचवल्या. दीडशे वर्षांपलीकडच्या लाकडी बाहुल्या आपल्याला पाहता येतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या नाटकांचे नेपथ्य मात्र बहुतांशी फोटोंपुरतेच उरले आहे, आणि ते फोटो नटांच्या चेहऱ्यांचे आहेत. भिंत त्यात चुकून आलेली. नाटक बंद झाले की फ्लॅटवर नवा रंग चढतो आणि ते दुसऱ्या नाटकात जातात. निर्मात्याला दोष देता येत नाही, गोदामाचे भाडे त्यालाच भरावे लागते. पण आराखडा, मोजमाप, छोटे मॉडेल हे तर एका कपाटात मावते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. शाहू महाराजांच्या काळातले, १९१५ पासूनचे हे नाट्यगृह जळाले तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. त्या रंगमंचावर उभी राहिलेली किती घरे, किती दरबार त्याआधीच, कोणाच्या डोळ्यांत पाणी न येता नाहीसे झाले होते!

अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेने आणि राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाने एक साधा नियम करावा. अनुदान किंवा पुरस्कार घेणाऱ्या प्रत्येक नाटकाने नेपथ्याचा आराखडा, एक छोटे मॉडेल आणि रिकाम्या रंगमंचाची छायाचित्रे जमा करावीत, नेपथ्यकाराच्या आणि ते बांधणाऱ्यांच्या नावासह. सुरुवात ‘तो मी नव्हेच’च्या फिरत्या रंगमंचाच्या चालत्या मॉडेलने करावी, ते चक्र फिरवलेले हात अजून कुठे भेटतात का याचा शोध याच वर्षी घ्यावा.