आरोग्यखात्याच्या कामाची आणेवारी

पिकाची आणेवारी नुसत्या नजरअंदाजानें ठरवूं नये, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. शेतांतील ठराविक तुकडा आखून त्यांतील पीक कापावयाचें, झोडावयाचें, वजन करावयाचें आणि मगच आंकडा मांडावयाचा, अशी पीककापणी-प्रयोगाची रीत आहे. आमची सारी नोकरी महसुली दप्तरांत गेली. तीच रीत जिल्हा परिषदेच्या आरोग्यखात्यासहि लागू व्हावी, असें आमचें मत आहे.

मानकें मुळींच नाहींत असें नव्हे. केंद्र सरकारनें सन २००७ मध्यें भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकें प्रसिद्ध केलीं व २०१२ आणि २०२२ मध्यें तीं सुधारलीं. सपाट प्रदेशांत ३०,००० व डोंगरी आणि आदिवासी भागांत २०,००० लोकवस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हें त्यांतील प्रमाण होय. खोल्या, खाटा, नोकरवर्ग व औषधें यांच्या याद्याहि त्यांत आहेत. परंतु खळ्यावर बैल किती, यावरून धान्याची रास कळत नाहीं. ती मोजावीच लागते.

आरंभीं तीन मोजमापें पुरेत. पहिलें सर्पदंशाचें. लस कपाटांत आहे एवढ्यानें भागत नाहीं. रात्रीं रोगी दारांत आल्यापासून उपचार सुरू होण्यास किती मिनिटें लागलीं, हें लिहिलें जावें. दुसरें पाण्याचें. लिटरमागें निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावें, असें भारतीय मानक सांगतें. तें टाकीपाशीं न पाहतां शेवटच्या घरच्या नळास तपासावें. तिसरें सांथीचें. पहिला रोगी आढळल्यापासून तालुक्यास वर्दी पोंचण्यास किती वेळ गेला, तें पाहावें. येथें रोग्यांच्या संख्येवरून मात्र कोणास दोष देऊं नये. तसें केल्यास रोगी कागदावरून नाहींसे होतील आणि रोग गांवांत तसाच राहील.

ज्याचें काम मोजावयाचें त्याच्याच हातीं तागडी देणें बरें नव्हे. गांवच्या आरोग्य समितीच्या समक्ष तपासणी व्हावी आणि आंकडे दर महिन्यास ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत. न्याय मात्र दोन्हीं बाजूंनीं असावा. परिचारिकेची जागा रिकामी असल्यास तो शेरा शेजारच्या गांवाचेंहि काम ओढणाऱ्या परिचारिकेच्या नांवें न पडतां, जागा भरणाऱ्या अधिकाऱ्याच्या नांवें पडावा. यानें लिहिणें वाढेल, असा आक्षेप येईल. त्यास आमचें उत्तर असें कीं, ज्या नोंदवह्या कोणीच उघडून पाहत नाहीं त्या आधीं बंद कराव्यात.

आमच्या शेतकरी बंधूंस विनंति एवढीच कीं, येत्या ग्रामसभेंत रस्ता व दिवाबत्ती यांच्या जोडीस हे तीन आंकडेहि मागावेत. आपल्या शेताची आणेवारी चुकली तर आपण तहसीलदाराकडे हरकत घेतों. जिवाच्या बाबतींत गप्प बसण्याचें कांहींच कारण नाहीं.