‘अविवाहित’ राहण्याची अट



परदेशी गेलेल्या नवऱ्याने टाकलेल्या बायकांबद्दल आपण पुष्कळदा बोललो आहोत. या वेळी मला बोलायचं आहे ते त्याआधीच्या एका प्रश्नाबद्दल. अमेरिकेच्या एका कायद्यातला ‘अविवाहित’ हा शब्द आपल्या नागपूरच्या घरांत शिरून मुलींच्या लग्नाचे निर्णय कसे फिरवतो, हा तो प्रश्न.

चित्र ओळखीचं आहे. मुलगा इंजिनिअर होऊन अमेरिकेत जातो, यथावकाश तिथला नागरिक होतो आणि आईवडिलांना बोलावून घेतो. नागरिकाच्या आईवडिलांवर संख्येची मर्यादा नसल्याने त्यांना ग्रीन कार्ड तुलनेने लवकर मिळतं. मात्र त्यांच्याबरोबर त्यांची इतर मुलं जाऊ शकत नाहीत. मागे राहते ती लग्न न झालेली मुलगी; नोकरी करत, आजीचं औषधपाणी आणि घराचा कर सांभाळत. भावाने बहिणीसाठी अर्ज केला तर भारतीयांना दीड-दोन दशकं थांबावं लागतं. म्हणून ग्रीन कार्ड हाती आलं की आईवडील स्वतःच तिच्यासाठी अर्ज भरतात.

या वर्गाचं नाव ‘एफ-टू-बी’. ग्रीन कार्डधारकांची 21 वर्षांवरची अविवाहित मुलं यात येतात. जगभरातून वर्षाला सुमारे 26 हजार जागा, त्यामुळे अलीकडे आठ-नऊ वर्षांची रांग. ग्रीन कार्डधारकाच्या विवाहित मुलांसाठी मात्र वर्गच नाही. रांगेत असताना लग्न केलं की अर्ज तिथेच संपतो आणि पुढे घटस्फोट झाला तरी तो जिवंत होत नाही. व्हिसा हातात पडल्यावरसुद्धा, अमेरिकेत पाऊल ठेवेपर्यंत अविवाहितच राहावं लागतं.

म्हणजे चोविसाव्या वर्षी रांगेत लागलेली मुलगी तेहेतिशीला तिथे पोचणार. तिने लग्न करू नये असं स्वतः ठरवलं असेल तर आपलं काहीच म्हणणं नाही. पण बहुतेक घरांत हे तिला विचारलेलंच नसतं. तिच्या नावाने अर्ज गेला आहे हे काही जणींना स्थळ नाकारलं गेल्यावर कळतं.

दुसरा प्रकार याहून वाईट. रांगेतल्या मुलाचं लग्न गुपचूप उरकलं जातं. आमच्या सल्ला केंद्रात आलेल्या एका मुलीचं लग्न असंच चार माणसांत झालं. फोटो नाहीत, पत्रिका नाही, नोंदणी नाही. नवरा ‘अविवाहित’ म्हणून मुलाखत देऊन गेला. तिकडे स्थिर झाल्यावर पुन्हा कागदोपत्री लग्न करू, असं सासरचे म्हणाले. पुढे फोन कमी झाले, मग थांबले. तिने तक्रार करायची म्हटलं तर तिच्याच वडिलांनी अडवलं, “त्याचं कार्ड जाईल.” लबाडी त्याची, आणि ती झाकण्याची जबाबदारी मात्र तिची!

‘नोंदणी नाही म्हणजे लग्नच नाही’ हा समज खोटा आहे. सप्तपदी असो की बौद्ध पद्धतीचा विधी, रीतसर झालेलं लग्न 1955च्या हिंदू विवाह कायद्याने नोंदणीशिवायही वैध ठरतं. इथे वैध ते सहसा अमेरिकेतही वैध. लग्न लपवून घेतलेलं ग्रीन कार्ड पुढे कधीही धोक्यात येऊ शकतं. नोंदणी टाळल्याने लग्न नाहीसं होत नाही. नाहीसा होतो तो बाईच्या हातातला पुरावा.

मग सरळ मार्ग आहे का? आहे. आई किंवा वडील अमेरिकेचे नागरिक झाले, साधारणपणे कार्ड मिळाल्यावर पाच वर्षांनी तसा अर्ज करता येतो, की त्यानंतर मुलीने लग्न केलं तरी अर्ज मरत नाही. तो विवाहित मुलांच्या वर्गात जातो, रांग लांबते, पण जुनी तारीख टिकते. शपथ आधी आणि लग्न नंतर, हा क्रम महत्त्वाचा. शिवाय खरोखर घटस्फोट झालेली किंवा विधवा मुलगी या कायद्यात ‘अविवाहित’च धरली जाते आणि तिच्या 21 वर्षांखालील अविवाहित मुलांनाही तिच्यासोबत जाता येतं. माहेरी परतलेल्या किती मुलींना हे ठाऊक आहे?

आपण काय करायचं? मुलीच्या नावाने अर्ज भरताना तिला समोर बसवून अटी सांगायच्या आणि तिचा होकार घ्यायचा. ‘कार्डाचं काम होईपर्यंत नोंदणी नको’ म्हणणाऱ्या स्थळाला नकार द्यायचा. महाराष्ट्रात 1998च्या कायद्याने नोंदणी बंधनकारक आहे. जी आधीच फसली आहे तिने साक्षीदार, निरोप, पैशांचे व्यवहार जपून ठेवावेत. 2005च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली निवारा व खर्च मागता येतो. 2009 पासून अनिवासी भारतीयांशी झालेल्या विवाहांच्या तक्रारी राष्ट्रीय महिला आयोगही घेतो.

अमेरिकेची रांग आपण लहान करू शकत नाही. पण त्या रांगेत उभं राहायचं की नाही, आणि किती वर्षं, हे आपल्या मुलीला ठरवू देणं आपल्याच हातात आहे. तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल तर तिच्यापर्यंत हा अंक पोचवा.