रथसप्तमी आणि वृद्धनिवासांतील कुलूपबंद व्यायामशाळा

आज माघ शुद्ध सप्तमी. संक्रांतीपासून चाललेल्या हळदीकुंकवांची आज सांगता होईल. ज्यांच्या घराला अजून अंगण उरले आहे ते अंगणात आणि ज्यांना ते उरलेले नाही ते गच्चीत किंवा गॅलरीत, पाटावर सूर्यनारायणाचा सात अश्वांचा रथ रेखून पूजा मांडतील. गोवऱ्यांच्या विस्तवावर बोळक्यातले दूध उतू जाईपर्यंत घरातील लहानथोर भोवती उभे राहतील. शाळाशाळांच्या मैदानांवर सूर्यनमस्कारांचे सामुदायिक कार्यक्रम होतील. अशा कार्यक्रमांना गावातील वयोवृद्ध मंडळींना अगत्याने बोलावण्यात येते, शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार होतो आणि मग मंडपातील खुर्च्यांवर बसून मुलांचे नमस्कार पाहण्याची त्यांना विनंती केली जाते. सूर्याची उपासना मुलांनी करावयाची आणि वृद्धांनी ती नुसती पाहावयाची, ही वाटणी शास्त्राने केली असेल असे आम्हांस वाटत नाही.

गेल्या वर्षी याच दिवशी आम्ही पुण्याजवळच्या एका वृद्धनिवासात गेलो होतो. निवास चांगला आहे. तीन मजली स्वच्छ इमारत, लिफ्ट, लहानसे देऊळ, आठवड्यातून येणारे डॉक्टर, वेळेवर मिळणारे साधे जेवण. अंगणात तुळशीवृंदावनापुढे दूध तापत होते आणि दहाबारा वृद्ध स्त्रीपुरुष त्याभोवती जमले होते. येथे एक गोष्ट जाता जाता नोंदविली पाहिजे. हळदीकुंकवाच्या समारंभात ज्या विधवांना आजही अनेक घरांत दूर ठेवले जाते, त्या इथे पुढे होत्या, कारण सूर्याला अर्घ्य देण्यास कोणाचीच आडकाठी नव्हती. वर पाहिले तो दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, खुर्चीवर बसून, कठड्याच्या गजांतून एक आजी हा सोहळा पाहत होत्या. वय ऐंशीच्या पुढचे. आम्ही वर जाऊन विचारले, “आजी, आपण खाली नाही आलात?”

दोन वर्षांपूर्वी त्या न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. हाड मोडले नव्हते, खरचटण्यापलीकडे काही झाले नव्हते. पण त्या दिवसापासून जेवणाचे ताट खोलीत येऊ लागले. सेविका सोबत असल्यावाचून खोलीबाहेर पडू नये असे त्यांना सांगण्यात आले आणि सेविकेला इतर कामे पुष्कळ. “तेव्हा पाय होते, पण परवानगी नव्हती. आता परवानगी मिळाली तरी पाय नाहीत,” आजी म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पंचांग वाचून दाखवावे तसे त्यांनी ते सांगितले.

व्यवस्थापक सज्जन गृहस्थ होते. त्यांना आम्ही खलनायक ठरवू इच्छीत नाही. त्यांनी जे सांगितले ते खरेही आहे : आजी पडल्या तर मुलाचा पहिला फोन त्यांना येतो, आजी चालेनाशा झाल्या तर कोणाचाच फोन येत नाही. त्याच इमारतीत तळमजल्यावर ‘व्यायामशाळा’ अशी पाटी असलेली खोली आहे. आत दोन स्थिर सायकली आणि चालण्याचे एक यंत्र. यंत्रावर प्लॅस्टिकचे आच्छादन तसेच होते. दाराला कुलूप होते आणि किल्ली कार्यालयात होती.

हा एकाच निवासाचा प्रश्न असता तर सणाच्या दिवशी त्यासाठी शाई खर्ची घालण्याचे कारण नव्हते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साठीपुढील लोकांचे प्रमाण सुमारे १० टक्के होते आणि तेव्हापासून ते वाढतच आले आहे. धर्मादाय वृद्धाश्रम आहेत, निवृत्तांसाठी बांधलेल्या महागड्या वसाहतीही पुणे, नाशिक, कर्जत या बाजूंस उभ्या राहिल्या आहेत. पहिल्या प्रकारात व्यायामाला जागाच नसते. दुसऱ्यात जाहिरातीपुरती असते. पोहण्याचा तलाव असतो, पण त्यात उतरावयास धीर देणारा माणूस नसतो. दोहोंकडे एक समजूत मात्र समान आढळते. वृद्धाला जपणे म्हणजे त्याला बसवून ठेवणे.

या समजुतीइतकी घातक समजूत दुसरी नसावी. पडण्याच्या भीतीने माणूस बसतो, बसल्याने मांड्यांतले बळ जाते आणि बळ गेले की तो खरोखरच पडतो. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ निरोगी प्रौढांना, सरासरी वय ६७, केवळ १० दिवस अंथरुणावर विश्रांती देण्यात आली. तेवढ्या अवधीत त्यांच्या पायांतील मांसल भाग सुमारे १ किलोने घटला. दहा दिवसांत ही गत, मग दोन वर्षांचा हिशेब वाचकांनीच करावा.

याच्या उलट बाजूचा दाखला अधिक सांगण्यासारखा आहे. बोस्टन शहरातील एका वृद्धशुश्रूषागृहात डॉ. मारिया फियाटारोन यांनी ८६ ते ९६ वर्षे वयाच्या १० दुर्बळ व्यक्तींना पायांनी वजन उचलण्याचा, चांगला कस लागेल असा व्यायाम ८ आठवडे दिला. १९९० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांनी तो क्रम पुरा केला त्यांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले आणि दोघांनी तर हातातली काठी सोडली. नव्वदीच्या माणसाला वजन उचलावयास लावणे हे आपल्याकडे निर्दयपणाचे लक्षण ठरले असते. चारच वर्षांनी त्यांनी १०० वृद्धांवर, सरासरी वय ८७, असाच मोठा प्रयोग केला. त्यात काहींना व्यायाम दिला, काहींना पौष्टिक पेय दिले, काहींना दोन्ही दिले. व्यायामाने बळ दुपटीहून वाढले. व्यायामावाचून नुसत्या पौष्टिक पेयाने अशक्तपणा हटला नाही.

आज बोळक्यातले दूध आपण वृद्धांच्या हाती प्रसाद म्हणून ठेवू. ठेवावेच. पण वाढदिवसाला, पितृपक्षात, आईवडिलांच्या पुण्यतिथीला वृद्धाश्रमांत मिष्टान्नांच्या पंगती घालणाऱ्या दात्यांनी बोस्टनचा हा दुसरा प्रयोग मनावर घ्यावा असे आम्हांस वाटते. श्रीखंडाच्या एका जेवणाला जो खर्च येतो, त्यात जाणत्या शिक्षकाचे काही दिवसांचे मानधन सहज निघेल. देणगीच्या पाटीवर नाव कोरता येत नाही, एवढीच काय ती अडचण.

पहिल्या प्रयोगातील आणखी एक गोष्ट आजच्या दिवशी विशेष आठवते. व्यायाम थांबल्यावर अवघ्या ४ आठवड्यांत त्या वृद्धांनी मिळविलेले बळ पुन्हा ओसरू लागले. रथसप्तमीला १०८ नमस्कारांचा संकल्प सोडून दुसऱ्या दिवसापासून सूर्य उगवलाच नाही अशा थाटात वर्ष काढणारे भाविक आमच्या ओळखीचे आहेत, त्यांनाही हे लागू आहे.

सूर्यनमस्कारांच्या बाबतीत महाराष्ट्राला कोणी नव्याने काही शिकविण्याची गरज नसावी. औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी आपल्या चिमुकल्या संस्थानातील शाळांतून नमस्कार रुजविले, त्यांवर पुस्तक लिहिले आणि उतारवयातही स्वतः ते घालीत राहिले. राजाने प्रजेला नुसता उपदेश केला नाही, आधी स्वतः घाम गाळला, ही त्यातली गोम आहे. तथापि ऐंशीच्या आजींनी एकाएकी साष्टांग नमस्कार घालावेत असे आम्ही सुचवीत आहो, असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. गुडघे झिजलेले, रक्तदाब वाढलेला, डोळ्यांत काचबिंदू. अशांना डोके खाली झुकविणारी आसने अपायकारक ठरू शकतात. डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा, हे उघड आहे. पण व्यायाम माणसाच्या मापाने बेतता येतो हेही पुण्यातच सिद्ध झालेले आहे. बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) यांनी खुर्ची, दोर, तक्के, लाकडी ठोकळे यांचा आधार देऊन रुग्णांना आणि वृद्धांना आसनांपर्यंत आणले. आसनेच त्यांच्यापर्यंत आणली म्हणा ना. त्यांची संस्था १९७५ पासून पुण्यात आहे आणि ते स्वतः नव्वदीतही अभ्यास करीत होते.

आणि ज्यांना उभेच राहता येत नाही त्यांचे काय? पुराणांनी याचे उत्तर सूर्याच्या रथावरच बसवून ठेविले आहे. सूर्याचा सारथी अरुण हा ‘अनूरु’, म्हणजे मांड्या नसलेला. विनतेने उतावीळपणे अंडे फोडले, म्हणून तो अपुऱ्या शरीराने जन्मला. तरी त्याला कोणी कोपऱ्यात बसविले नाही. सात घोड्यांचे लगाम त्याच्याच हाती दिले. खुर्चीत बसल्याबसल्या हात, खांदे, घोटे यांचे व्यायाम करता येतात, खुर्चीचे हात न धरता उठण्याचा सराव करता येतो. पहिल्या दिवशी एकदा, मग दोनदा, मग पाचदा.

उठण्याबसण्याचा हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. ब्राझीलमधील संशोधकांनी २०१२ साली ५१ ते ८० वर्षे वयाच्या २,००२ स्त्रीपुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. प्रत्येकाला जमिनीवर बसून पुन्हा उठावयास सांगितले. हात किंवा गुडघा टेकला की गुण वजा. ज्यांना फार आधार लागला, त्यांच्यात पुढील काही वर्षांतील मृत्यूंचे प्रमाण आधारावाचून उठणाऱ्यांपेक्षा पुष्कळच अधिक आढळले. आपल्या आजोबांची ही परीक्षा दिवसातून दहा वेळा होत असे : पंगतीत, देवघरात, ओसरीवर. टेबल-खुर्ची आली, उंच पलंग आला, कमोड आला. यांतले प्रत्येक सोयीचे आहे आणि दुखऱ्या गुडघ्याला ते हवेच. पण ज्याला अजून मांडी घालता येते त्याच्या खालचा पाट आपण का काढून घेतो?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढील माणसांसाठी जे मार्गदर्शन केले ते असे : आठवड्यातून निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम आणि तीन दिवस तोल व बळ दोन्ही सावरणारा. यांपैकी चालणे आपल्याकडे थोडेफार होते. ज्येष्ठ नागरिक संघांचे सभासद पहाटे बागेत फिरताना दिसतात. तोलाचा व्यायाम मात्र जवळजवळ कोठेच होत नाही, आणि पडण्यापासून वाचविणारा खरा तोच. आपल्या घरी राहणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत अशा व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे चतुर्थांशाने घटते, असे अनेक प्रयोगांच्या एकत्रित अभ्यासातून २०१९ साली दिसून आले. शुश्रूषागृहांतील अतिदुर्बळांच्या बाबतीत पुरावा तितका ठाम नाही. तिथे देखरेख अधिक हवी, हाच त्याचा अर्थ.

सरकारच्या दृष्टीचे काय सांगावे! आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ आणि कल्याणासाठी २००७ साली केंद्राने कायदा केला. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, १५० निराधार वृद्धांना सामावून घेणारे निवासस्थान असावे अशी त्यात तरतूद आहे. तेथील सेवांचा दर्जा ठरविताना वैद्यकीय सेवा आणि मनोरंजनाची साधने यांचा उल्लेख आहे. म्हणजे आजारी पडल्यावर औषध आणि न पडल्यास दूरदर्शन संच. या दोहोंच्या मध्ये जे शरीर उरते त्याची त्या कलमाला आठवण झालेली नाही.

“आयुष्यभर राबले, आता विसावा घेऊ द्या,” असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पुत्रप्रेमाने म्हणतात, म्हणून त्यांच्यावर रागावताही येत नाही. पण आपल्या परंपरेतही उतारवय म्हणजे बैठक नव्हे. वानप्रस्थ म्हणजे वनाकडे चालत जाणे, पाणी स्वतः आणणे, समिधा स्वतः गोळा करणे. आषाढी वारीसाठी आळंदीहून आणि देहूहून पंढरीस पायी निघणाऱ्या दिंड्यांत पांढऱ्या केसांचे वारकरी किती असतात हे ज्याने पाहिले आहे, तो विसाव्याची ही व्याख्या मान्य करणार नाही. मुलांनी वृद्धनिवासाची निवड करताना जेवण काय, डॉक्टर कधी येतात, एवढेच न विचारता व्यायाम कोण घेतो आणि किती वाजता घेतो, हेही विचारावे. आणि आई एखाद्या दिवशी पडलीच, तर फोनवर व्यवस्थापकाला धारेवर धरण्यापूर्वी ती चालत होती म्हणून पडली, हे ध्यानात घ्यावे.

त्या निवासात आज पुन्हा दूध उतू जाईल. गॅलरीतल्या आजींना आठवड्यातून तीन दिवस, अर्धा अर्धा तास, कोणाचा तरी हात धरून खुर्चीतून उठण्याचा सराव देता येईल का आणि तळमजल्यावरच्या खोलीची किल्ली सकाळी सातला कोणाच्या स्वाधीन करता येईल, असे दोन प्रश्न आम्ही पंधरा दिवसांपूर्वी व्यवस्थापकांना पत्राने विचारले आहेत. उत्तर अजून आलेले नाही. आज दुपारी आम्ही तिळगूळ घेऊन तिकडे जाणार आहोत.