टॅग गाईच्या कानात, नोंद मात्र जुन्याच मालकाच्या नावावर

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला. माढा, मोहोळ, करमाळा तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत रातोरात पाणी शिरलं. माणसं बाहेर काढली गेली, पण दावणीची सगळी जनावरं निघाली नाहीत. अशा वेळी शहाणा शेतकरी दावं कापतो आणि जनावर मोकळं सोडतो. वाचलं तर वाचलं. वाचलेलं जनावर मग चार गावं खाली कुणाच्या तरी शिवारात लागतं.

पाणी ओसरल्यावर दोन प्रश्न उरतात. जिवंत सापडलेलं जनावर कुणाचं? आणि मेलेलं किंवा वाहून गेलेलं जनावर तुमचंच होतं, हे कशावरून? दुसऱ्या प्रश्नाला पैशाचा हिशोब जोडलेला आहे. आपत्ती मदतीच्या निकषांप्रमाणे दुधाळ गाय-म्हशीला ३७ हजार ५०० रुपये आणि ओढकामाच्या बैलाला ३२ हजार रुपये मिळतात. दोन्ही प्रश्नांचं उत्तर जनावराच्या कानातल्या १२ आकडी नंबरात असायला हवं. टॅग बहुतेकांनी मारून घेतला आहे. पण तो नंबर कुणाच्या नावावर आहे, हे किती जणांनी तपासलं?

शहरातली चिप, गावातला टॅग

शहरात सध्या पाळीव कुत्र्या-मांजरांच्या मायक्रोचिपची चर्चा आहे. चेन्नई महापालिकेने २०२५ मध्ये पाळीव कुत्र्यांसाठी परवान्याबरोबर मायक्रोचिपही सक्तीची केली. इंग्लंडमध्ये कुत्र्यांना चिप २०१६ पासून सक्तीची आहे, मांजरांना जून २०२४ पासून.

ही चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते. सुईने खांद्याजवळ कातडीखाली सोडतात. तिला बॅटरी नसते. स्कॅनर जवळ नेला की ती १५ आकडी नंबर दाखवते, बस्स. अनेकांना वाटतं की चिप बसवली म्हणजे कुत्रं कुठं फिरतंय ते मोबाईलवर दिसेल. तसं काही नाही. चिपमध्ये जीपीएस नसतो, मालकाचं नाव-गावही नसतं. असतो फक्त नंबर. मालक सापडतो तो त्या नंबरापुढे नोंदवहीत लिहिलेल्या नाव आणि फोनमुळे.

आता आपल्या गाई-म्हशींच्या कानातला पिवळा टॅग बघा. काम तेच. १२ आकडी नंबर, खाली बारकोड आणि केंद्राच्या ‘भारत पशुधन’ प्रणालीत त्या नंबरापुढे जनावराची जात, वय, लसीकरण, मालकाचं नाव, गाव, मोबाईल. फरक इतकाच की चिप आत असते, तिला स्कॅनर लागतो. टॅग बाहेर असतो आणि तो वाचायला फक्त डोळे लागतात. दहा एकर उसात सापडलेल्या गाईचा नंबर कुठलाही माणूस फोटो काढून दवाखान्यात दाखवू शकतो. म्हणजे शहर ज्याच्यासाठी आता धडपडतंय, ती सोय गावाकडं आधीच आली आहे. वापर मात्र अर्धवट आहे.

चिप होती, फोन बंद होता

हा अर्धवटपणा फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २३ राज्यांतल्या ५३ निवारा केंद्रांत आलेल्या चिपवाल्या प्राण्यांची त्यांनी माहिती घेतली. चिप असलेल्या भटक्या कुत्र्यांपैकी सुमारे ५२ टक्के कुत्री मालकाकडे परत गेली. सगळी भटकी कुत्री धरली तर हे प्रमाण जेमतेम २२ टक्के होतं. मांजरांचा फरक तर फारच मोठा, ३८ टक्के विरुद्ध २ टक्क्यांहूनही कमी.

म्हणजे नंबराचा उपयोग होतो, यात वाद नाही. पण याच अभ्यासातली दुसरी बाजू आपल्या कामाची आहे. चिप असूनही ज्यांचे मालक सापडले नाहीत, त्यांच्याबाबतीत सगळ्यात मोठं कारण होतं चुकीचा किंवा बंद पडलेला फोन नंबर. चिप शाबूत होती, स्कॅनरने वाचलीही. अडलं ते नोंदीपाशी.

अमेरिकेत माणूस घर बदलतो, फोन बदलतो आणि नोंद तशीच राहते. आपल्याकडं त्याहून मोठी अडचण आहे. आपल्याकडं जनावरच मालक बदलतं, तेही एकदा नाही, चार-पाचदा.

बाजारात गाय बदलते, नोंद बदलत नाही

सांगोल्याचा रविवारचा जनावरांचा बाजार आठवा. खिलार खोंड असो की जर्सी कालवड, सौदा ठरतो, पैसे दिले जातात, कासरा एका हातातून दुसऱ्या हातात जातो. तिथून जनावर व्यापाऱ्याकडं, व्यापाऱ्याकडून दुसऱ्या बाजारात, तिथून तिसऱ्या तालुक्यात. टॅग कानातच असतो. पण प्रणालीत मालक कोण? पहिल्यांदा टॅग मारला तेव्हा ज्याच्या गोठ्यात होती, तोच.

असं होण्यामागं कारण आहे. टॅगची मोठी मोहीम आली ती २०१९ मध्ये सुरू झालेल्या लाळ्या-खुरकुताच्या राष्ट्रीय लसीकरणाबरोबर. डॉक्टर आले, सुई टोचली, कानात बिल्ला मारला. त्यामुळं लोकांच्या डोक्यात टॅग म्हणजे ‘लस झाल्याची खूण’ असं बसलं. तो मालकीचा पुरावा आहे आणि सात-बारासारखाच विक्रीनंतर बदलून घ्यायचा असतो, हे कुणी नीट सांगितलंच नाही.

राज्य सरकारने १ जून २०२४ पासून नियम कडक केले. टॅग नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री नाही, वाहतूक नाही. नैसर्गिक आपत्ती, विजेचा धक्का किंवा वन्य प्राण्याच्या हल्ल्यात जनावर दगावलं आणि टॅग नसेल, तर भरपाई नाही. पशुधन विम्याचंही तसंच, टॅग नाही तर दावा नाही. या सक्तीने टॅगची संख्या वाढली, हे चांगलंच. पण बाजाराच्या गेटवर तपासलं जातं ते कानात टॅग आहे की नाही, एवढंच. विकणाऱ्याचं नाव आणि टॅगपुढचं नाव एकच आहे का, हे कोण बघतंय?

याचा फटका दोघांनाही बसतो. घेणाऱ्याची गाय वीज पडून मेली, पंचनामा झाला आणि नंबर टाकल्यावर नाव निघालं भलत्याचंच. आता तो पावती शोधत, जुन्या मालकाच्या सहीसाठी फिरणार. विकणारा तरी सुटला का? त्याने दोन वर्षांपूर्वी विकलेलं जनावर उद्या रस्त्यावर अपघातात सापडलं, तर नंबरावरून फोन त्यालाच येणार.

कोंडवाड्याचा कायदा १८७१ चा

हरवलेल्या जनावराचं काय करायचं, याचा कायदा आपल्याकडं दीडशे वर्षांपासून आहे. १८७१ चा गुरे अतिक्रमण कायदा, ज्याच्यातून कोंडवाडा आला. सात दिवसांत कुणी मालक आला नाही, तर कोंडवाड्याने पोलिस ठाण्याला कळवायचं. तिथं जनावराच्या वर्णनाची नोटीस लावायची, गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी द्यायची. त्यानंतर आणखी सात दिवसांत कुणी आलं नाही, तर जाहीर लिलाव.

त्या काळात याहून चांगला मार्ग नव्हता. ‘तांबडी गाय, उजवं शिंग मोडकं’ असं वर्णन ओरडून सांगायचं आणि मालकाच्या कानावर पडायची वाट बघायची. आज कोंडवाड्यात आलेल्या जनावराच्या कानात नंबर असेल, तर दवंडीचं काम एका फोनवर होतं. त्यासाठी कोंडवाड्याच्या रजिस्टरात एक रकाना वाढवायचा, टॅग नंबर. आणि तो नंबर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचा. याला वेगळा निधी लागत नाही.

आता घाई करायला आणखी एक कारण आहे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांवरची मोकाट जनावरं हटवून निवाऱ्यात किंवा गोशाळेत ठेवण्याचे आदेश सगळ्या राज्यांना दिले. आपल्या जिल्ह्यातून सोलापूर-पुणे महामार्ग जातो, पालखी मार्ग जातो, सांगोला-मंगळवेढ्यातून रत्नागिरी-नागपूर महामार्ग जातो. रस्त्यावरून उचललेल्या जनावरांत काही खरोखर सोडून दिलेली असतील, काही रात्री दावं तोडून आलेली. दोन्हींत फरक करायचा तर नंबर वाचावा लागेल. नाहीतर हरवलेली दुभती गाय आणि सोडलेला भाकड बैल एकाच गाडीत जातील.

टोळीच्या बैलाचा प्रश्न

गाळप हंगामात बीड आणि आजूबाजूच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या आपल्याकडं येतात. बैलगाडी हेच त्यांच्या पोटाचं साधन. कोपीवर राहणाऱ्या मजुराचा बैल रात्री सुटला किंवा चोरीला गेला, तर परक्या मुलुखात तो कुणाला विचारणार? जोडीतला एक बैल गेला की गाडी उभी आणि उचल डोक्यावर.

इथं टॅगचा खरा कस लागतो. नंबर देशभर एकच चालतो. बीडमध्ये मारलेला टॅग माळशिरसच्या दवाखान्यातही वाचता येतो. पण बैल मागच्या वर्षी बाजारातून घेतला आणि नोंद तिसऱ्याच माणसाच्या नावावर असेल, तर सापडलेला बैलही ‘माझा’ म्हणून सिद्ध करणं अवघड.

टॅग चोरी थांबवतो, असं मात्र कुणी समजू नये. चोर टॅग कापतो. कान फाडूनही काढतो. याबाबतीत कातडीखालची चिप सरस आहे, ती दिसत नाही. पण गावोगावचे दवाखाने, बाजार समित्या आणि पोलिस ठाणी यांच्याकडे स्कॅनर नसेल, तर चिपही मुकीच. त्यामुळं आज तरी टॅग, त्याची बरोबर नोंद आणि आपल्या मोबाईलमध्ये जनावराचा दोन्ही बाजूंनी काढलेला फोटो, हाच स्वस्त आणि चालणारा बंदोबस्त आहे.

कुत्र्यांचंही तेच. राखणीचं चांगलं कुत्रं असेल आणि चिप बसवायचा विचार असेल, तर आधी विचारा, आपल्या तालुक्यात ती वाचणारा स्कॅनर कुणाकडं आहे? नसेल तर गळपट्ट्यावर ठळक लिहिलेला मोबाईल नंबर जास्त कामाला येईल. रेबीजची लस टोचल्याचं कार्ड घरात जपून ठेवा, ते वेगळंच.

काय करता येईल?

शेतकऱ्याने तीन गोष्टी कराव्यात. एक, गोठ्यातल्या प्रत्येक जनावराचा टॅग नंबर वहीत लिहून दवाखान्यात जाऊन नाव आणि मोबाईल तपासून घ्यावा. दोन, खरेदीच्या पावतीवर टॅग नंबर लिहून घ्यावा आणि मालकी बदलाची नोंद लगेच करून मागावी. तीन, टॅग पडला तर गप्प बसू नये. नवा टॅग मारताना तो जुन्या नंबराशी जोडता येतो, म्हणजे जनावराचा मागचा इतिहास पुसला जात नाही.

पण सगळं शेतकऱ्यावर ढकलून चालणार नाही. एकेका दवाखान्याकडं कितीतरी गावं आहेत. रविवारी घेतलेल्या गाईची नोंद बदलायला सोमवारी मजुरी बुडवून कोण जाईल? आणि विकणाऱ्याला परत कुठून बोलावणार? दोघं समोरासमोर असतात ते फक्त बाजारात. म्हणून नोंद तिथंच बदलली पाहिजे. बाजार समिती बाजार फी घेते, पावती फाडते. त्याच टेबलाशेजारी पशुसंवर्धन विभागाचा एक माणूस मोबाईल घेऊन बसवावा. पावती फाटली की नाव बदललं. सुरुवात सांगोल्याच्या एका रविवारपासून आणि कार्तिकीच्या वाखरीच्या जनावर बाजारापासून करता येईल. चार आठवडे करून बघितलं तरी कुठं अडतंय ते कळेल.

सरकारी अहवालात किती जनावरांना टॅग मारले, याचा आकडा येतो. त्याच्याशेजारी दुसरा आकडा यायला हवा. किती जनावरांची मालकी विक्रीनंतर बदलली आणि हरवलेली किती जनावरं टॅगवरून घरी परत गेली? तालुक्याच्या आमसभेत हे दोन प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

पुढचा पावसाळा येणारच आहे. सीनेला पाणी कधी येईल ते आपल्या हातात नाही. पाण्यातून वाचलेली गाय ज्या गावात लागेल, तिथल्या माणसाने कानातला नंबर वाचल्यावर फोन कुणाला जाईल, तेवढं मात्र आपल्या हातात आहे.