तसबिरीतला घटनाकार आणि अडगळीतला वकील

देवणीचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते तिथल्या गायीबैलांमुळे. कर्नाटकाच्या सीमेलगतच्या या गावी, आणि मराठवाड्यातल्या बहुतेक गावी, १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तसबीर मिरवणुकीने निघते. पुढारी हार घालतात, घटनेच्या शिल्पकाराचा चार वाक्यांत गौरव करतात आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या शिक्षणसंस्थांच्या कारभारात रुजू होतात. त्या संस्थांत फी भरल्याखेरीज पाऊल ठेवता येत नाही, हे मात्र व्यासपीठावर कोणी उच्चारत नाही. घटनाकाराचा जयजयकार सोयीचा असतो. गैरसोयीचा आहे तो वकील.

मुंबईच्या उच्च न्यायालयात १९२३ साली आंबेडकरांनी वकिली सुरू केली, तेव्हा मोठ्या पेढ्यांची कामे त्यांच्याकडे आली नाहीत. जात आडवी आली. चरितार्थासाठी त्यांना व्यापारी कायद्याचे वर्ग घ्यावे लागले. पण त्यांच्या वकिलीची खरी कसोटी लागली ती महाडच्या दाव्यात. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी हजारो अस्पृश्यांनी प्राशन केले, एवढे शाळेतल्या मुलालाही माहीत असते. पुढची हकिकत फारशी कोणी सांगत नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सवर्णांनी दिवाणी दावा ठोकून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. परिषदेला जमलेले सत्याग्रही तुरुंगात जाण्यास सिद्ध होते. तरीही तळ्यावर जाणे तहकूब झाले. मनुस्मृतीचे दहन झाले, आणि तळ्याचा प्रश्न कोर्टात लढवायचे ठरले. महाडच्या न्यायालयाचा निकाल लागला १९३१ साली, वरचे अपील फेटाळले गेले १९३३ साली, आणि उच्च न्यायालयाने शेवटचा शब्द उच्चारला १७ मार्च १९३७ रोजी. तळे केवळ आपलेच असल्याची पूर्वापार रूढी वादींना सिद्ध करता आली नाही. एका तळ्यासाठी एक माणूस दहा वर्षे कागद सांभाळत, तारखा पाळत राहिला; त्याच काळात गोलमेज परिषदाही झाल्या आणि पुणे करारही. तहसीलवर सकाळी मोर्चा, दुपारी निवेदन आणि संध्याकाळी वर्तमानपत्रात छायाचित्र, एवढ्यावर लढा संपला असे मानणाऱ्या आजच्या कार्यकर्त्याने या दहा वर्षांकडे एकदा नीट पाहावे.

शिक्षणाच्या बाबतीतही त्यांची भाषा दयेची नव्हती, हिशेबाची होती. महाडला जाण्याच्या आठवडाभर आधी, १२ मार्च १९२७ रोजी, मुंबई कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी सरकारला सुनावले की, दारूच्या अबकारीतून लोकांकडून जेवढे उकळता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी अवघी अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, हा आकडा त्यांनी सभागृहापुढे ठेवला. महाविद्यालयांचा खर्च विद्यार्थ्यांच्या फीमधून भागवणे म्हणजे शिक्षणाचा व्यापार होय, असेही त्यांनी त्याच भाषणात बजावले. शिक्षणसम्राट हा शब्द महाराष्ट्रात रूढ होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

पुढे २३ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत सक्तीचे मोफत शिक्षण प्राथमिक टप्प्यापुरतेच ठेवण्याची सूचना आली. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात वा खाणीत कामाला लावण्यास बंदी घालणारे कलम त्याच मसुद्यात होते. आंबेडकरांनी त्यावर बोट ठेवले: कामावर जाऊ न दिलेले मूल शाळेत नसेल तर असेल कुठे? वयाची मर्यादा चौदाच राहिली. हैदराबाद संस्थान भारतात येऊन तेव्हा दोन महिने झाले होते. देवणी त्या संस्थानातल्या बीदर जिल्ह्यात होती. घटनेने या कामासाठी सरकारला दहा वर्षांची मुदत दिली. त्याचा कायदा अमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर, आंबेडकरांनी १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. निजामी राजवटीत उच्च शिक्षणाची दारे ज्यांना बंद होती, त्यांच्या पहिल्या पदवीधर पिढ्या तिथून बाहेर पडल्या. मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव द्यावे ही मागणी या ऋणातून उभी राहिली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव केला, आणि लगोलग मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. एसेम जोशींसारखे समाजवादी नामांतराच्या बाजूने ठाम उभे राहिले. पण हैदराबादच्या मुक्तिलढ्यात तुरुंग भोगलेली, आदराने नाव घ्यावीत अशी काही माणसे विरोधात गेली, हेही लपवण्यात अर्थ नाही. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी गौतम वाघमारे यांनी नांदेडात आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला.

त्याच वर्षी सप्टेंबरात नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ निघाले आणि लातूर, नांदेडची महाविद्यालये त्याला जोडली गेली. स्वामी रामानंद तीर्थांचे नाव कोणालाही वंदनीयच आहे. परंतु ज्या जिल्ह्याने नामांतरासाठी रक्त सांडले, तिथल्या मुलाच्या पदवीपत्रावर आंबेडकरांचे नाव आलेच नाही. सोळा वर्षांच्या लढ्याचे हे फलित कोणी बोलून दाखवत नाही, कारण नावाचा प्रश्न मिटला म्हणजे शिक्षणाचा मिटला, असे मानणे दोन्ही बाजूंना सोयीचे होते.

शिक्षणाचा प्रश्न मिटलेला नाही, याचा पुरावा सरकारनेच दिला. २०२३ साली कमी पटाच्या शाळा गुंडाळून त्यांच्या जागी ‘समूह शाळा’ काढण्याचा घाट शासनाने परिपत्रकाने घातला. वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत पहिली ते पाचवीची शाळा असावी, हा नियमही याच शासनाचा आहे. दूरच्या शाळेसाठी वाडीतल्या मुलीला कोणती बस मिळणार? फेब्रुवारी २०२४ मध्ये तर नियमच बदलून, ज्या विनाअनुदानित खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा आहे, तिला दुर्बल घटकांच्या पंचवीस टक्के प्रवेशांतून मोकळे करण्यात आले. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती रद्द केली. पंचवीस टक्के हे काही समाजवाद्यांचे ध्येय नव्हे. समान शाळा ही त्यांची जुनी मागणी आहे. पण हातातले पंचवीस टक्के काढून घेतले जात असताना ते राखले कोणी? न्यायालयात कागद घेऊन उभ्या राहिलेल्या पालकांनी आणि संघटनांनी, मिरवणुकीतल्या पुढाऱ्यांनी नव्हे.

देवणी तालुक्यातल्या कोणत्या गावांत पट वीसच्या खाली आहे, तिथल्या ग्रामसभांनी समूह शाळेविरुद्ध ठराव केले की नाही, आणि पंचवीस टक्क्यांतल्या किती जागा रिकाम्या राहिल्या, याची यादी घेऊन येणारा कार्यकर्ता पक्षाच्या पुढच्या बैठकीत हवा आहे. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब त्यानंतर घेता येईल.